रक्त ‘पातळ’ करणारी गोळी : घेण्याचें भय आणि न घेण्याचें भय

जळगांवांतील अगर धुळ्यांतील सुशिक्षित एकत्र कुटुंबांत आज औषधांचें फडताळ उघडलें, तर रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्यांशेजारीं आणखी एक लहानशी गोळी पुष्कळदां आढळते. तिच्याविषयीं घरांतील माणसें किंचित् दबलेल्या स्वरांत बोलतात. “नानांना रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे,” असें एकानें सांगितलें कीं दुसरा लगेच विचारतो, “अहो, पण तिनें रक्त वाहूं लागतें ना ?” तिसरा कोणा दूरच्या नातलगाचें उदाहरण देतो. मग एखाद्या सकाळीं नानांच्या दंडावर काळानिळा डाग दिसतो, आणि कोणालाही न विचारतां ती गोळी चार दिवस बंद होते. हे चार दिवस बहुधा कांहीं न होतां निघून जातात. कांहीं झालें नाहीं, हाच मग गोळी अनावश्यक असल्याचा पुरावा मानला जातो.

या गोळीचें भय बाळगणें चूक आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. भय रास्त आहे. परंतु तें एकेरी आहे, एवढाच त्याचा दोष. गोळी घेतल्यानें होणारा रक्तस्राव डोळ्यांना दिसतो. गोळी घेतल्यामुळें जो पक्षाघात टळला, तो मात्र कोणासच दिसत नाहीं. कारण तो झालेलाच नसतो. दिसणाऱ्या व न दिसणाऱ्या अशा दोन संकटांचें वजन एका तराजूंत कसें करावें, हें घरांतील कर्त्या स्त्रीपुरुषांस समजावें, एवढ्यासाठींच हा लेख आहे. कोणास कोणती गोळी किती द्यावी हें ठरविणें डॉक्टरांचें काम. तें या लेखाचें नव्हे.

नांवांतील घोटाळा

प्रथम नांवाविषयीं. ‘रक्त पातळ करणें’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे खरा, पण तो फसवा आहे. दुधांत पाणी घालावें तसें या औषधानें रक्त पातळ होत नाहीं. रक्ताचा दाटपणा किंवा त्यांतील तांबड्या पेशी यांत त्यानें कांहीं उणें होत नाहीं. म्हणून ‘रक्त पातळ झालें, आतां अशक्तपणा येणार’ ही समजूत निराधार होय. औषध करतें तें एवढेंच कीं, रक्त गोठण्याची क्रिया तें मंद करतें. जखम झाली असतां रक्त गोठणें हें निसर्गाचें वरदान आहे. परंतु तीच क्रिया हृदयाच्या कप्प्यांत अगर पायाच्या खोल शिरेंत सुरू झाली, कीं तेथें गुठळी धरते. हृदयांतली गुठळी सुटून मेंदूच्या रक्तवाहिनींत अडकली म्हणजे पक्षाघात, ज्यास आमच्याकडे लकवा म्हणतात, तो होतो. पायांतली गुठळी वर सरकली तर ती फुप्फुसांत जाऊन अडकते, व त्यांत क्वचित् घटकाभरांत प्राण जातो.

दुसरा घोटाळा असा कीं, या एकाच नांवाखालीं दोन निराळ्या जातींचीं औषधें मोडतात. अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल हीं रक्तांतील प्लेटलेट नांवाच्या सूक्ष्म कणांस एकमेकांना चिकटूं देत नाहींत. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांस, किंवा अँजिओप्लास्टी करून रक्तवाहिनींत जाळी बसविलेल्यांस तीं देतात. दुसऱ्या जातींत वॉरफरिन व असेनोकुमॅरॉल हीं जुनीं औषधें, आणि डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्सॅबान व अ‍ॅपिक्सॅबान हीं नवीं औषधें येतात. असेनोकुमॅरॉल आपल्याकडे ‘अ‍ॅसिट्रॉम’ या नांवानें पुष्कळांस ठाऊक आहे. हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्यास, हृदयांत कृत्रिम झडप बसविली असल्यास, अगर पायाच्या शिरेंत गुठळी झाली असल्यास हीं द्यावीं लागतात. घरांतील वडील माणसाची गोळी या दोहोंपैकीं कोणत्या जातीची आहे, आणि ती कोणत्या कारणासाठीं चालू आहे, हें घरांत निदान एका माणसास नक्की माहीत असलें पाहिजे. पुढचा सर्व विचार यावर अवलंबून आहे.

बुरसलेल्या चाऱ्यांतून निघालेलें औषध

वॉरफरिनची जन्मकथा मोठी विलक्षण आहे, व तिच्यांतच त्याच्या गुणदोषांचें मूळ सांपडतें. भिजून बुरसलेला चारा गुरांस घालूं नये, हें खानदेशच्या शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. कॅनडांत व अमेरिकेच्या उत्तर भागांत १९२० नंतरच्या दशकांत गुरांचा एक नवाच रोग दिसूं लागला. तेथें ‘स्वीट क्लोव्हर’ नांवाचें, मेथीच्या कुळांतील एक पीक चाऱ्यासाठीं घेत असत. तें बुरसल्यावर ज्या गुरांनीं खाल्लें, त्यांस लहानशी जखम झाली तरी रक्त थांबेना आणि तीं मरूं लागलीं. ओंटॅरिओंतील पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनीं दोष बुरसलेल्या चाऱ्याचाच असल्याचें दाखवून दिलें.

पुढें फेब्रुवारी १९३३ मध्यें विस्कॉन्सिनमधील एड कार्लसन नांवाचा शेतकरी बर्फाच्या वादळांतून सुमारें १९० मैल गाडी हांकीत मॅडिसन शहरीं आला. गाडींत एक मेलेली कालवड, तो चारा, आणि न गोठलेल्या रक्तानें भरलेला दुधाचा डबा होता. योगायोगानें तो कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत पोंचला. लिंक व त्यांचे सहकारी यांनीं सहा वर्षें खपून १९३९ मध्यें त्या चाऱ्यांतील घातक द्रव्य वेगळें काढलें. त्याच जातीचें एक अधिक तीव्र द्रव्य १९४८ मध्यें उंदीर मारण्यासाठीं बाजारांत आलें, तें वॉरफरिन. १९५४ पासून तेंच माणसांस औषध म्हणून मिळूं लागलें, आणि १९५५ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांस हृदयविकाराचा झटका आला तेव्हां त्यांनाही तें दिलें गेलें. धान्याच्या वखारींत आज उंदरांसाठीं ठेवतात त्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्या याच घराण्यांतल्या आहेत.

‘म्हणजे आम्ही आजोबांना उंदराचें विष देतों काय ?’ असें कोणी घाबरून विचारील. त्यास उत्तर असें कीं, विष व औषध यांत येथें फरक मात्रेचा व देखरेखीचा आहे. हें औषध करतें तें असें : रक्त गोठविणारीं कांहीं द्रव्यें यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्यानें तयार करतें, औषध त्या जीवनसत्त्वाचें काम अडवितें. कोपनहेगनचे हेन्रिक डाम यांनीं हें जीवनसत्त्व शोधलें व ‘कोअ‍ॅग्युलेशन’ म्हणजे गोठणें या शब्दाच्या जर्मन व डॅनिश रूपांतील ‘के’ अक्षर त्यास दिलें. १९४३ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. औषध किती काम करीत आहे तें आय. एन. आर. या रक्ताच्या तपासणीनें कळतें. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा हा आंकडा १ च्या आसपास असतो. बहुतेक रोग्यांत तो २ ते ३ च्या दरम्यान राखावयाचा असतो; हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल जागीं यांत्रिक झडप असल्यास साधारणतः २·५ ते ३·५. त्याखालीं गेला तर गुठळीचें भय, आणि ४ च्या पुढें गेला तर रक्तस्रावाचें. वॉरफरिन घेणाऱ्याची सारी सुरक्षितता या अरुंद वाटेवर चालण्यांत आहे. तपासणी चुकविणें म्हणजे त्या वाटेवर डोळे मिटून चालणें होय.

दोन पारडीं

आतां मुख्य प्रश्न. हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा जो एट्रियल फिब्रिलेशन नांवाचा विकार आहे, त्यांत पक्षाघाताचा धोका सामान्यतः पांचपट होतो. वॉरफरिन नीट घेतल्यास त्यांतील सुमारें दोन तृतीयांश पक्षाघात टळतात. हें झालें एक पारडें. दुसऱ्या पारड्यांत रक्तस्राव आहे.

या दोहोंचें मोजमाप करणारे मोठे प्रयोग झाले आहेत. ज्यांस वॉरफरिन देणें योग्य वाटत नव्हतें अशा ५,५९९ रोग्यांवरील एक प्रयोग २०११ मध्यें प्रसिद्ध झाला. निम्म्यांस अ‍ॅस्पिरिन व निम्म्यांस अ‍ॅपिक्सॅबान दिलें होतें. दर हजार माणसांमागें वर्षाला पक्षाघात अगर तत्सम गुठळीची आपत्ति अ‍ॅस्पिरिनवर सुमारें ३७ जणांस आली, व अ‍ॅपिक्सॅबानवर १६ जणांस. मोठा रक्तस्राव अ‍ॅस्पिरिनवर १२ जणांस झाला, व अ‍ॅपिक्सॅबानवर १४ जणांस. हे आंकडे गृहिणींनीं एकदां सावकाश वाचावेत. हजारांत दोघांस अधिक रक्तस्राव झाला, आणि एकवीस जण मोठ्या आपत्तींतून वांचले. शिवाय ‘ती भारी गोळी नको, साधी अ‍ॅस्पिरिनच बरी,’ ही जी सौम्यपणाची कल्पना आहे, ती येथें पार कोसळते : रक्तस्राव जवळजवळ तितकाच, आणि संरक्षण मात्र निम्म्याहूनही कमी.

त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या, १८ हजारांहून अधिक रोग्यांच्या दुसऱ्या प्रयोगांत वॉरफरिन व अ‍ॅपिक्सॅबान यांची तुलना झाली. हजारांमागें वर्षाला मोठा रक्तस्राव वॉरफरिनवर सुमारें ३१ जणांस व अ‍ॅपिक्सॅबानवर २१ जणांस झाला. कवटींतील रक्तस्राव, ज्याची सर्वांस अधिक धास्ती, तो अनुक्रमें ८ व ३ जणांस झाला. म्हणजे धोका शून्य कोणत्याही गोळीनें होत नाहीं. परंतु तो कमी करतां येतो.

येथें दुसरी बाजूही प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. इस्रायलचे पंतप्रधान एरिएल शेरॉन यांस १८ डिसेंबर २००५ रोजीं गुठळीमुळें पक्षाघाताचा सौम्य झटका आला. त्यांस रक्त गोठण्यास विरोध करणारें औषध सुरू केलें. ४ जानेवारी २००६ रोजीं त्यांच्या मेंदूंत मोठा रक्तस्राव झाला. ते पुन्हां शुद्धीवर आले नाहींत व २०१४ च्या जानेवारींत वारले. मेंदूंतील रक्तवाहिन्या कमकुवत करणारा एक विकार त्यांस होता, असें त्या वेळीं बाहेर आलें, आणि औषध द्यावयास हवें होतें काय यावर वैद्यांत पुष्कळ वाद झाला. जगांतले उत्तमोत्तम डॉक्टर हाताशीं असतांही तराजूचा काटा असा फसवूं शकतो. हजारांतील दोघे अगर आठ हा केवळ आंकडा नसतो. ज्या घरांत ती आपत्ति येते त्या घराला ती पूर्ण शंभर टक्के असते.

मग तोलावें कसें ? डॉक्टर त्यासाठीं दोन याद्या वापरतात. पक्षाघाताचा संभव वाढविणाऱ्या गोष्टींच्या यादींत वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वींचा पक्षाघात व हृदयाचा अशक्तपणा या गोष्टी येतात. रक्तस्रावाच्या यादींत वय, अनियंत्रित रक्तदाब, मूत्रपिंड व यकृत यांचे विकार, पूर्वींचा पक्षाघात अगर रक्तस्राव, सतत वरखालीं होणारा आय. एन. आर., दारू, व वेदनाशामक गोळ्या या गोष्टी येतात. वाचकांच्या लक्षांत येईल कीं कांहीं नांवें दोन्ही याद्यांत आहेत. वय वाढलें म्हणजे दोन्ही पारडीं जड होतात. म्हणूनच ‘आजी आतां ८० वर्षांच्या झाल्या, कशाला ती गोळी,’ हा युक्तिवाद टिकत नाहीं. वाढत्या वयाबरोबर गोळीची गरजही वाढलेली असते.

वृद्ध माणूस पडेल व डोक्यांत रक्तस्राव होईल, हें भय तर घरोघर असतें. १९९९ मध्यें कॅनडांतील वैद्यांनीं याचा हिशेब मांडला. त्या हिशेबाप्रमाणें, पक्षाघाताचा मध्यम धोका असलेला वृद्ध मनुष्य वर्षांत सुमारें २९५ वेळां पडेल, तेव्हां कोठें वॉरफरिनचा तोटा त्याच्या फायद्याहून अधिक भरेल. हा कागदावरचा हिशेब आहे हें खरें. परंतु केवळ पडण्याच्या भीतीनें गोळी बंद करूं नये, एवढें तो पुरेसें सांगतो. न्हाणीघरांतील बुळबुळीत फरशी, उंबरठ्याजवळचा अंधार व सैल चपला यांचा बंदोबस्त करणें हा त्या भीतीवरचा खरा उपाय आहे.

दुसऱ्या यादींतील पुष्कळ गोष्टी आपल्या हातांतल्या आहेत, हें विशेष. वय कमी करतां येत नाहीं. पण रक्तदाब आटोक्यांत आणतां येतो, दारू सोडतां येते, गुडघ्यांसाठीं रोज घेतली जाणारी गोळी बदलतां येते. गोळी थांबविण्याआधीं या गोष्टी कराव्या. एवढें करूनही ज्याच्या मेंदूंत पूर्वीं रक्तस्राव झाला आहे, ज्याच्या जठरांतील व्रण वाहत आहे, अगर ज्याचें यकृत फार बिघडलें आहे, अशांच्या बाबतींत गोळी न देणें हाच शहाणपणा ठरूं शकतो. तो निर्णयही तोलूनच घ्यावयाचा असतो.

नवी गोळी सर्वांस चालत नाहीं

नव्या औषधांस वरचेवर रक्त तपासावें लागत नाहीं, पथ्य फारसें नसतें, म्हणून ‘आमच्याही माईंना नवीच द्या,’ असा आग्रह पुष्कळ मुलगे धरतात. कित्येकांच्या बाबतींत तो रास्तही असतो. परंतु आपल्या देशांत लहानपणीं घसा दुखून, सांधे सुजून पुढें हृदयाची झडप आकसण्याचा विकार अजून पुष्कळ आढळतो. अशा रोग्यांवरील, आफ्रिका, आशिया व दक्षिण अमेरिका या खंडांतील सुमारें साडेचार हजार लोकांचा प्रयोग २०२२ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत भारतांतील रोगीही होते. नव्या रिव्हारॉक्सॅबानपेक्षां जुन्या जातीच्या औषधावर मृत्यु कमी झाले, आणि रक्तस्राव मात्र अधिक झाला नाहीं. यांत्रिक झडप असलेल्यांवर डॅबिगॅट्रानचा प्रयोग तर अपायकारक ठरून मध्येंच थांबवावा लागला होता. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेनें तयार केलेली देशी झडप डिसेंबर १९९० मध्यें प्रथम माणसास बसविली गेली. तशी अगर कोणतीही यांत्रिक झडप ज्यांच्या हृदयांत आहे, त्यांनीं जुनी गोळी, आय. एन. आर. ची तपासणी व वही हीं जन्मभर सोडूं नयेत.

नव्या औषधांचीं स्वतःचींही बंधनें आहेत. त्यांचा अंमल सुमारें एका दिवसांत उतरतो. म्हणून एकदोन मात्रा चुकल्या तरी माणूस उघडा पडतो. तीं थोड्याफार प्रमाणांत मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, डॅबिगॅट्रान तर बहुतांशीं. वैशाखांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळीं जुलाब लागून अगर पाणी कमी पिऊन शरीर सुकलें, तर मूत्रपिंडाचें काम मंदावतें व औषध अंगांत सांचतें. यासाठीं वृद्धांची क्रिएटिनिनची तपासणी वेळोवेळीं झाली पाहिजे. आणखी एक बारीक गोष्ट गृहिणींनीं लक्षांत ठेवावी : डॅबिगॅट्रानची कॅप्सूल दमट हवेनें बिघडते. ती कंपनीच्या वेष्टनांतून काढून आठवड्याच्या डबींत भरून ठेवूं नये, आणि फोडून पाण्यांतही देऊं नये.

खानदेशी ताट आणि उपासतापास

जुनी गोळी घेणाऱ्यांस ‘हिरवी भाजी बंद’ असें सांगण्याची एक रीत पडली आहे. ती अर्धवट ज्ञानाची आहे. पालक, मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असतें व तें गोळीच्या विरुद्ध काम करतें, हें खरें. पण उपाय भाजी सोडण्याचा नसून ती नेमानें व सारख्या प्रमाणांत खाण्याचा आहे. गोळीची मात्रा रोजच्या ताटावर बेतलेली असते. ताट एकाएकीं बदललें कीं मात्रा चुकते.

आपल्या घरांत ताट कसें बदलतें तें पाहा. कांदेनवमीनंतर चातुर्मास लागतो. कांदा, लसूण, वांगें पुष्कळ घरांत बंद होतें. श्रावणांत एकादशी, सोमवार, शनिवार असे उपास येतात. साबुदाणा, भगर व रताळीं यांवर दिवस जातात, आणि पालेभाजी पोटांत जात नाहीं. अशा दिवसांत आय. एन. आर. वर चढण्याचा संभव असतो. पुढें चंपाषष्ठीला वांगीं परत येतात, आणि हिवाळ्यांत शेतांतून भरिताच्या पंगती झडूं लागतात. भरिताच्या वांग्यांत ‘के’ जीवनसत्त्व नगण्यच. पण त्यांत पडणारी मूठमूठ कांद्याची पात व कोथिंबीर, आणि त्याच सुमारास स्वस्त झालेली मेथी, यांनीं आंकडा खालीं येऊं शकतो. म्हणून चातुर्मासाच्या आरंभीं व हिवाळ्याच्या तोंडीं एक तपासणी जास्त करून घ्यावी. भरीत अवश्य खावें. आठ दिवस सलग मात्र खाऊं नये.

केळ्याविषयींही एक गैरसमज आहे. रावेर-यावलच्या भागांत केळें हें रोजचें फळ, आणि ‘केळ्यांत के असतें, तें बंद करा,’ असें सांगणारे पुष्कळ भेटतात. केळ्यांत असतें तें पोटॅशियम, ज्याची रसायनशास्त्रांतील खूण ‘के’ आहे. ‘के’ जीवनसत्त्वाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. या गोळीसाठीं केळें सोडण्याचें कारण नाहीं. मूत्रपिंडाच्या विकारासाठीं डॉक्टरांनीं तें वर्ज्य केलें असेल, तर ती गोष्ट वेगळी.

रिव्हारॉक्सॅबानच्या १५ व २० मिलिग्रॅमच्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यावयाच्या असतात; रिकाम्या पोटीं त्या पुरत्या शोषल्या जात नाहींत. एकादशीला ती गोळी नुसत्या पाण्यानें घेणें म्हणजे तिचा कांहीं भाग वायां घालविणें. वडील माणसांनीं उपास करावयाचाच असेल, तर गोळी केव्हां व कशाबरोबर घ्यावी हें आधीं डॉक्टरांस विचारून ठेवावें. आणि निर्जळी उपास तर अशा प्रकृतीस सोडलेलेच बरे.

घात बहुधा दुसऱ्या औषधानें होतो

रक्तस्रावाचा दोष गोळीवर येतो, परंतु तिच्या जोडीस दुसरें कांहीं दिलें गेल्यानेंच पुष्कळदां घात होतो. कंबर धरली कीं डायक्लोफिनॅकचें इंजेक्शन टोंचून घेण्याची आपल्याकडे फार संवय आहे. या रोग्यांत तें दुहेरी घातक : औषधानें जठरांत रक्तस्राव होऊं शकतो, आणि सुई खोल स्नायूंत गेल्यानें तेथेंही रक्त सांचतें. तापकणकणीस व साध्या दुखण्यास पॅरासिटॅमॉल त्या मानानें बरें. मात्र तेंही कित्येक दिवस पूर्ण मात्रेंत चालू राहिल्यास आय. एन. आर. वाढवूं शकतें. जुलाबांवर दिलें जाणारें मेट्रोनिडॅझोल, मूत्रमार्गाच्या विकारांत दिलें जाणारें को-ट्रायमॉक्साझोल, व गजकर्णासाठीं घेतलें जाणारें फ्ल्युकोनॅझोल यांनीं वॉरफरिनचा जोर फार वाढतो. उलट क्षयावरील रिफाम्पिसिन व फेफऱ्यावरील कार्बामॅझेपिन यांनीं तो घटतो. सांध्यांना भरपूर चोळलेल्या तीव्र वासाच्या मलमांतील मेथिल सॅलिसिलेटनेंही आय. एन. आर. वाढल्याचीं उदाहरणें आहेत. स्वयंपाकांतील हळद व लसूण यांची भीति नको. पण त्यांच्याच अर्काच्या कॅप्सूल व वनस्पतींचे अनोळखी काढे डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नयेत.

आणखी एक अनिष्ट प्रघात असा कीं, साठी उलटली म्हणून धडधाकट माणसें आपल्या मनानेंच रोज अ‍ॅस्पिरिन घेऊं लागतात. प्रामुख्यानें सत्तरी ओलांडलेल्या १९,११४ निरोगी लोकांचा प्रयोग २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला. सुमारें पांच वर्षांत अ‍ॅस्पिरिननें हृदयविकार अगर पक्षाघात लक्षांत येण्याजोगे कमी झाले नाहींत. मोठा रक्तस्राव मात्र शेंकडा २·८ वरून ३·८ वर गेला. तराजूच्या एका पारड्यांत कांहीं नसतां दुसऱ्यांत वजन टाकण्यासारखेंच हें झालें. परंतु हें वाचून ज्यांच्या रक्तवाहिनींत जाळी बसविली आहे, त्यांनीं आपली अ‍ॅस्पिरिन थांबवूं नये. ठरलेल्या मुदतीआधीं ती थांबविल्यास जाळी एकाएकीं बंद होऊन प्राणावर बेततें. दांत काढण्याच्या वेळींही दंतवैद्य व हृदयरोगतज्ज्ञ यांस एकमेकांशीं बोलूं द्यावें. बहुतेक वेळां गोळी न थांबवितां दांत काढतां येतो.

नव्या सुनेच्या बाबतींत विशेष जपावें. हृदयांत यांत्रिक झडप असलेली तरुण स्त्री जुनी गोळी घेत असेल, तर गर्भधारणेचा विचार होतांच डॉक्टरांची गांठ घ्यावी. गर्भाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत वॉरफरिननें गर्भांत व्यंग येऊं शकतें. त्या काळीं डॉक्टर बहुधा हेपॅरिनच्या जातीचीं इंजेक्शनें देतात. परंतु गोळी एकदम सोडली तर झडपेवर गुठळी धरून आईच दगावेल. ही गोष्ट संकोचानें झांकून ठेवण्याची नव्हे. सासूबाईंनींच पुढाकार घेऊन ती विचारावी. तसेंच मासिक पाळींत फार रक्त जात असल्यास सुनेनें तें मुकाट्यानें सोसूं नये.

घरांत काय करावें

एकत्र कुटुंबाचें बळ हें कीं हात पुष्कळ असतात. उणीव ही कीं मतेंही पुष्कळ असतात. म्हणून गोळीचा कारभार एकाच माणसाकडे असावा. एक वही करावी. तींत गोळीचें नांव, मात्रा, घेण्याची वेळ, ती कशासाठीं चालू आहे, व आय. एन. आर. चे आंकडे तारखेनिशीं लिहावेत. कोणत्याही डॉक्टरकडे, दंतवैद्याकडे अगर वैद्यबुवांकडे जातांना ती वही बरोबर असावी. मात्रा चुकल्यास दुसऱ्या दिवशीं दुप्पट घेऊं नये. काय करावें तें आधींच विचारून वहींत लिहून ठेवावें.

दाढी करतांना अंमळ अधिक वेळ रक्त येणें, हातावर लहान डाग पडणें, दांत घासतांना थोडें रक्त दिसणें यांनीं घाबरूं नये. डॉक्टरांस सांगावें, पण गोळी आपल्या मनानें थांबवूं नये. मात्र डांबरासारखा काळा शौच, लघवींतून रक्त, कॉफीच्या गाळासारखी उलटी, पंधरा मिनिटें दाबूनही न थांबणारा घोळणा, एकाएकीं उठलेली असह्य डोकेदुखी, अगर डोक्यावर बसलेला मार, मग वर जखम दिसो वा न दिसो, यांपैकीं कांहींही घडल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें. तसेंच तोंड वांकडें झालें, हात गळाला, बोलणें अडखळलें, तर तोही क्षणाचा विलंब न करण्याचा प्रसंग. गुठळी विरघळविण्याचें इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आंतच देतां येतें, आणि रोगी कोणती गोळी घेतो हें समजल्यावांचून डॉक्टर तें देऊं शकत नाहींत. वही तेथेंही उपयोगी पडते.

शेवटीं एक गोष्ट. या सर्व तोलण्यांत ज्यांच्यासाठीं तराजू धरला आहे, त्यांनाच आपण पुष्कळदां विचारावयाचें विसरतों. मुलगे, सुना, जांवई आपापसांत ठरवितात आणि माई नुसती गोळी गिळतात. वास्तविक पक्षाघात होऊन वर्षेंच्या वर्षें अंथरुणावर काढावीं लागण्याचें भय त्यांना अधिक वाटतें, कीं रक्तस्रावाचें, हें त्यांनीं सांगावयाचें आहे. त्यांना दोन्ही पारडीं सोप्या शब्दांत दाखवावीं, त्यांचें म्हणणें डॉक्टरांपुढें ठेवावें, आणि मग जें ठरेल तें घरांतील सर्वांनीं मनापासून पाळावें. आपल्या वडीलधाऱ्यांची हीही एक सेवाच आहे.